नापास झाला, पण पुन्हा वर्गात जाऊन बसला : डॉ. सलीम अलींच्या तालमीची गोष्ट

नोव्हेंबर उजाडला की शाळेत पक्षी सप्ताहाची लगबग सुरू होते. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि १२ नोव्हेंबरला डॉ. सलीम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. फळ्यावर मोर-पोपट काढले जातात, मुलं घोषवाक्यं लिहून आणतात आणि आम्हा शिक्षकांपैकी कुणीतरी सलीम अलींवर दहा मिनिटं बोलतं. ते दहा मिनिटांचं भाषण आम्हीही बरीच वर्षं केलं. शेवट ठरलेला असायचा. बघा मुलांनो, या माणसाकडे डिग्री नव्हती, तरी केवढा मोठा झाला!

मुलांना धीर द्यावा म्हणून आम्ही ते बोलायचो. पण एकदा आमचा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. बारावीत होता. कॉलेज सोडतोय म्हणाला. जंगलात फिरायचंय, पक्ष्यांचे फोटो काढायचेत, त्याला पुस्तकं कशाला पाहिजेत, सलीम अलींनी तरी कुठे डिग्री घेतली होती, असं त्याने आम्हालाच ऐकवलं. आमचं वाक्य आमच्याच पदरात पडलं. घरी येऊन आम्ही सलीम अलींचं चरित्र नव्याने वाचायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं आम्ही ही गोष्ट अर्धीच सांगत होतो. उरलेली अर्धी आज सांगतो.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील मोइज़ुद्दीन गेले, तीन वर्षांचे असताना आई ज़ीनत-उन-निसा गेल्या. या यतीम मुलाला खेतवाडीतल्या मामांनी सांभाळलं. अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या बेगम हमीदा यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांच्या घरात भाच्या-भाचरांचा गोतावळा वाढत होता.

मामूजान शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्‍यांची बंदूक दिली. त्या काळी मुलांच्या हातात अशी बंदूक असण्यात कुणाला वावगं वाटत नसे. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने तबेल्यातल्या भिंतीत घरटं केलेली चिमण्यांची जोडी हेरली. बाहेर पहारा देणारा नर त्याने मारला. थोड्या वेळाने बघतो तर मादीजवळ दुसरा नर हजर. त्यालाही मारलं, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर झाले. आता पोरगं खोडकर होतं एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण या पोराने जे दिसलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवलं. पुढे साठेक वर्षांनी ती नोंद छापली गेली. जंगलाच्या अभ्यासाचा पहिला धडा तिथेच आहे : पाहिलंत ना, मग लिहून ठेवा.

साधारण १९०८ च्या सुमारास त्याने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मुस्लिम घरात ती खायला चालेल की नाही, असा प्रश्न पडला. मामांनाही पक्षी ओळखेना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईतल्या आठ निसर्गप्रेमींनी सुरू केली होती. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले हिंदी डॉक्टरही होते.

सोसायटीचे मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. गोरा साहेब आपल्याला हाकलून देईल, या भीतीने पोरगं गेलं. साहेबांनी मात्र चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि पक्ष्याचं कातडं काढून नमुना कसा जतन करायचा हे शिकायची सोय करून दिली. आम्हा शिक्षकांनी इथे जरा थांबायला हवं. एखादं मूल काहीतरी मुठीत धरून आपल्याकडे येतं, तेव्हा आपण काय करतो? कपाट उघडतो, की टाक तिकडे म्हणतो?

लॉगरिदमने केलेला घात

शाळेत हा मुलगा हुशार वगैरे नव्हता. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखी जडली. सिंधच्या कोरड्या हवेत बरं वाटेल म्हणून तिकडच्या नातेवाइकांकडे पाठवलं. शाळा बुडत राहिली. १९१३ मध्ये मॅट्रिक झाला, तोही जेमतेम. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण गणित आणि लॉगरिदम काही डोक्यात शिरेना. पहिल्याच वर्षी कॉलेज सुटलं.

घरच्यांनी ब्रह्मदेशात पाठवलं. तिथे तव्हॉय भागात भावाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात सलीमचं लक्ष किती होतं ते सोडा, पण भोवताली घनदाट जंगल होतं. तिथे वनखात्यातले जाणकार भेटले, नवे पक्षी दिसले. एखाद्या हौशी पोराला आणखी काय हवं?

पण गोष्ट इथेच वळते. जंगल समोर होतं, वेळ होता, शौक होता. तरी जे दिसतंय त्याचा अर्थ लावायला आपली तयारी कमी पडते, हे त्यांना उमगलं. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले ते पुन्हा शिकायचं ठरवूनच.

सकाळी हिशेब, नंतर प्राणीशास्त्र

घरच्यांच्या दृष्टीने शिकायचं म्हणजे धंद्याला उपयोगी पडेल असं. म्हणून दावर कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेब. सलीम सकाळी तिथे जात. पण झेवियर्समध्ये फादर एथेलबर्ट ब्लॅटर होते. स्वतः वनस्पतींचे मोठे अभ्यासक. या मुलाचा ओढा त्यांनी ओळखला आणि प्राणीशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग दावरचे तास आटोपले की सलीम झेवियर्सच्या प्राणीशास्त्राच्या वर्गात जाऊन बसत. प्राण्यांचं वर्गीकरण, शरीररचना, चिरफाड हा सगळा पाठ त्यांनी पूर्ण केला. बी.ए., बी.एस्सी. असं काही नावापुढे लागलं नाही. विद्या मात्र घेतली.

आमच्या भाषणात हा भाग कधी नसायचा. ज्या कॉलेजातून हार मानून बाहेर पडलो त्याच कॉलेजात तीन-चार वर्षांनी पुन्हा जाऊन, आपल्याहून लहान पोरांशेजारी बसायचं, याला किती हिंमत लागते ते नापास झालेल्यालाच विचारा.

डिसेंबर १९१८ मध्ये नात्यातल्याच तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुन्हा काही वर्षं ब्रह्मदेशात गेली. पुढे तिथला धंदा बसला आणि दोघं मुंबईला परतले. आता नोकरी शोधणं आलं. पक्ष्यांचा अभ्यासक म्हणून सरकारी झूलॉजिकल सर्व्हेत जागा मिळावी अशी उमेद होती. ती मिळाली नाही, कारण हातात विद्यापीठाची पदवी नव्हती. म्हणजे डिग्री नसल्याचा फटका सलीम अलींनाही बसला होता, बरं का. डिग्री नसून काही अडत नाही असं मुलांना सांगताना हा प्रसंग गाळला, तर ती मुलांची फसवणूकच.

बर्लिनचे उस्ताद

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग-इतिहासाचं दालन नव्याने सुरू झालं. तिथे गाइड-लेक्चरर म्हणून महिना ३५० रुपये पगारावर सलीम अली लागले. त्या काळी हा पगार चांगला. पण दोन वर्षांत त्यांना वाटायला लागलं की आपण आहे तेच ज्ञान वाटतोय, त्यात भर पडत नाही.

त्यांनी रजा घेतली आणि शिकायला परदेशी जायचं ठरवलं. आधी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे नजर होती, पण तिकडून उत्साहाचा शब्द आला नाही. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणी-संग्रहालयातले प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांनी मात्र खुल्या दिलाने बोलावलं. ब्रह्मदेशातून जे. के. स्टॅनफर्ड यांनी जमवलेले पक्ष्यांचे नमुने तपासायचं काम सलीम अलींनी तिथे केलं. हेलिगोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी अडकवायचं तंत्र पाहिलं आणि हाताने केलं.

त्या वेळी आपल्याकडे पक्षीशास्त्र म्हणजे बहुतेक वेळा पक्षी मारा, कातडं काढा, लेबल लावा, खणात ठेवा. श्ट्रेझेमान यांच्याभोवतीची मंडळी पुढचे प्रश्न विचारत होती. हा पक्षी जगतो कसा, जोडी कशी जमवतो, त्याचं आणि त्याच्या जागेचं नातं काय? मेलेल्या पक्ष्याकडून जिवंत पक्ष्याकडे जायची ही वाट सलीम अलींना तिथे सापडली. तिशी ओलांडलेला, घरसंसार असलेला माणूस पुन्हा शागीर्द झाला होता. श्ट्रेझेमान यांना ते आयुष्यभर आपले गुरू मानत राहिले.

किहीमचा पावसाळा

१९३० मध्ये परत आले तर नोकरी गेलेली. म्युझियमकडे पैसा नव्हता म्हणून ती जागाच रद्द झाली होती. मुंबईत राहणं परवडेना. दोघं अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या कौटुंबिक घरात राहायला गेली. बेकार माणूस, पावसाळ्याचे दिवस आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत. दुसरा एखादा नशिबाला दोष देत बसला असता. सलीम अली रोज घरट्यांजवळ आडोशाला बसून नोंदी करायला लागले.

सुगरणीचं घरटं आपल्या बहिणाबाईंमुळे घराघरात माहीत आहे. विणकाम मात्र नर करतो. तो घरटं अर्धवट विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून बघतात. मादीला पसंत पडलं तरच तो पुढचं विणकाम पूर्ण करतो. ती अंडी घालून बसली की महाशय दुसरं घरटं विणायला घेतात आणि दुसरी मादी येते. एका हंगामात एका नराची अशी एकामागून एक घरटी होतात, हे सलीम अलींनी रोजच्या निरीक्षणातून दाखवलं. १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि पक्षी-अभ्यासकांच्या जगात त्यांचं नाव झालं.

सुगरणी किहीमला आधीही होत्या. लोक त्या रोज बघत होते. वर्गात घेतलेली तालीम आणि शिवारात घातलेले तास एकत्र आले तेव्हा त्या दिसल्या.

तंबूतला संसार

पुढचं काम त्यांनी स्वतःच शोधून काढलं. देशातल्या अनेक संस्थानांत कोणते पक्षी आहेत याची धड पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी देऊ केलं की आम्ही मेहनताना घेणार नाही, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. हैदराबादपासून सुरुवात झाली. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. महिनोन्‌महिने तंबूत, बैलगाडीत, जंगलातल्या बंगल्यांत मुक्काम.

या सगळ्यात तहमीना बेगम बरोबर होत्या. इंग्लंडमध्ये शिकलेल्या, साहित्याची आवड असलेल्या या बाईंनी शहरातलं आरामाचं जगणं सोडून कॅम्पचा कारभार सांभाळला. नवर्‍याचं इंग्रजी लिखाण सुधारण्यातही त्यांचा हात होता. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. सलीम अली पार खचले. बहीण कम्मू आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, कामात बुडून गेले. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. रंगीत चित्रं, सोपी भाषा, साधा माणूसही पक्षी ओळखू शकेल अशी मांडणी. पुढे अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ झाला.

रानाला वर्गाचा दर्जा

आमच्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम इथे आहे. आपल्याला जे तुकड्या-तुकड्याने, धक्के खात शिकावं लागलं ते पुढच्या पोरांना नीट शिकता यावं, याची सोय त्यांनी केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळाली आणि प्रत्यक्ष रानात केलेल्या संशोधनावर एम.एस्सी., पीएच.डी. करता येऊ लागली. सलीम अली मार्गदर्शक झाले. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर. विषय तोच, सुगरण. गुरूने किहीमला उघडलेला धडा शिष्याने पुढे नेला आणि त्या प्रबंधाची डेव्हिड लॅकसारख्या इंग्लंडच्या नामवंत शास्त्रज्ञाने तारीफ केली.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात माकडं मरू लागली, माणसं तापाने आजारी पडू लागली. हा रोग गोचिडांतून पसरतो आणि गोचीड स्थलांतरित पक्ष्यांबरोबर येत असावेत का, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालायची मोठी मोहीम सोसायटीने हाती घेतली. हेलिगोलँडला शिकलेलं तंत्र इथे कामी आलं. या मोहिमेत अनेक तरुण तयार झाले.

पुण्याच्या माधव गाडगीळांनी शाळकरी वयात वेड्या राघूच्या शेपटीबद्दल पडलेली शंका सलीम अलींना विचारली होती. उत्तर आलं. पुढे हाच मुलगा देशातला नावाजलेला पर्यावरणशास्त्रज्ञ झाला आणि पक्षी एकत्र रातथारा का करतात यावर १९७५ मध्ये दोघांनी मिळून निबंधही लिहिला. मिलार्ड साहेबांनी उघडलेलं कपाट सलीम अलींनी बंद होऊ दिलं नव्हतं.

भरतपूरचा धडा

राजस्थानातलं भरतपूर म्हणजे संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा. स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ जमीन शेतीसाठी फोडावी अशी मागणी झाली. ती वाचवण्यासाठी सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकला. आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. केरळच्या सायलेंट व्हॅलीतलं जंगल वाचवायलाही त्यांनी आवाज दिला.

पण याच भरतपूरमध्ये एक दुखरी गोष्ट घडली आणि ती सांगायलाच हवी. १९८२ मध्ये उद्यानात गुरं चारायला बंदी आली. बंदी हवी म्हणणार्‍या अभ्यासकांत सलीम अलीही होते. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याच काळात सोसायटीचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून नोंदी करत होते. त्या नोंदींतून उलटंच दिसलं. म्हशी उथळ पाण्यातलं गवत खाऊन ते आटोक्यात ठेवत होत्या. म्हशी गेल्या, गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. म्हशींचं चरणं ही तळ्याची निंदणीच होती म्हणा ना. हा निष्कर्ष पूर्णपणे बाहेर आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पण ज्या संस्थेला त्यांनी अभ्यासाची शिस्त लावली, तिनेच त्यांचं मत चुकलं होतं हे नोंदींनिशी मांडलं. आमच्या नजरेत हा त्यांच्या शिकवणीचा मानच आहे. रानाचं भलं करायला निघालेल्याने तिथल्या माणसालाही विचारावं, हा धडा मात्र महाग पडला.

डिग्री नसलेले डॉक्टर

१९५८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पुढे दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनीही दिली. १९५८ मध्येच पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. जे. पॉल गेटी पुरस्कार मिळाला, तर ती रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांनी जगाचा निरोप घेतला. १९९० मध्ये कोइम्बतूरला त्यांच्या नावाने पक्षी आणि निसर्ग-अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं.

आता आमच्या त्या बारावीच्या पोराकडे येऊ. त्याला आम्ही पुन्हा बोलावलं आणि आधी आमची चूक कबूल केली. मग हिशेब मांडला. सलीम अली एकदा कॉलेजातून बाहेर पडले, पण दोनदा शिकायला परत गेले, एकदा झेवियर्सला, एकदा बर्लिनला. त्यांच्या काळी रान आणि वर्ग यांना जोडणारा रस्ता नव्हता, म्हणून त्यांना तो स्वतः तुडवावा लागला. आज अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीव शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. मुंबईत सोसायटी आजही पक्षी ओळखायचे अभ्यासवर्ग घेते. रस्ता तयार असताना काट्यातून कशाला जायचं?

आणि आपल्या पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी किडे, पक्षी, झाडं यांत रमत असेल तर हे काय खुळ म्हणून दामटू नका. डॉक्टर-इंजिनिअर व्हायलाच पाहिजे असं काही नाही. खेतवाडीतल्या त्या मामूजानने भाच्याला फक्त एक चिठ्ठी लिहून दिली होती. तेवढं तर आपल्यालाही जमेल.

तो मुलगा सध्या बी.एस्सी. करतोय. विषय प्राणीशास्त्र. रविवारी पहाटे तळ्यावर जातो, वही बरोबर असते. परवा आमच्याकडे येऊन गेला. एका पक्ष्याचं नाव त्याला येत नव्हतं, आम्हालाही आलं नाही. दोघं मिळून पुस्तक उघडून बसलो.